पंक म्हणजे चिखल

वैजूची शोकसभा महाडला, चवदार तळ्याजवळच्या एका सभागृहात झाली आणि तिथे कुणीतरी मोठ्याने हसलं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर गावभर त्या हसण्याचीच चर्चा झाली आणि गेलेली बाई बाजूला राहिली. झालं असं, की आमच्या भागातले एक पुढारी बोलायला उभे राहिले. पांढरा सदरा, हातात गुलाबाच्या पाकळ्या, आवाजात बेताचा ओलावा. "महाड-पोलादपूरच्या मातीने आज आपलं रत्न गमावलं," असं म्हणून ते जरा थांबले आणि म्हणाले, "या दुःखद प्रसंगी आम्ही सर्व जण कुटुंबाच्या पाठीशी आहोत." 'पाठीशी' हा शब्द आला आणि माझ्या मागे बसलेल्या अल्ताफच्या बोटांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेका धरला. अल्ताफ वैजूच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्याने मुद्दाम केलं नाही, बोटांना सवयच होती. पण ज्यांनी वैजूचं नाटक पाहिलं होतं त्यांच्या डोक्यात पुढची ओळ आपोआप सुरू झाली, आणि शेवटच्या रांगेतून हसू फुटलं. अर्ध्या सभागृहाने रागाने मागे वळून पाहिलं. उरलेल्या अर्ध्याने मान खाली घातली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे खांदे हलत होते. मी खांदे हलणाऱ्यांतली.

वैजू माझी मावसबहीण. मी महाडच्या एका शाळेत मराठी शिकवते. ती माझ्यापेक्षा बरीच लहान, पोलादपूरच्या वर डोंगरात मावशीच्या वाडीत वाढलेली. तिचं नाव वैजयंती, पण पूर्ण नावाने तिला फक्त पोलिसांनी आणि समीक्षकांनी हाक मारली. दहावीनंतर ती मुंबईला गेली ती नाटकांच्या ध्वनिव्यवस्थेचं काम शिकायला. केबल ओढणं, माईक लावणं, दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या कानापर्यंत नीट पोहोचवणं. तिथेच तिला ते संगीत भेटलं, ज्यात तीनच सूर येत असले तरी चालतं, गळा गोड नसला तर अधिकच चांगलं, आणि जे म्हणायचं ते ओरडून म्हणायचं. एकदा सुटीत आली तेव्हा मला म्हणाली, "ताई, याला पंक म्हणतात." मी मराठीची शिक्षिका, माझ्या तोंडून निघून गेलं, "पंक म्हणजे चिखल गो. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं." ती इतकी खूश झाली की चहा सांडला. "म्हणजे आपल्याकडे हे आधीपासूनच होतं!" म्हणाली. तेव्हा चिखल हा शब्द आमच्या घरात अजून साधा होता.

मग त्या पावसाळ्यात दरड आली. तळीये गावाचं नाव देशाला कळलं. आमच्या मावशीच्या वाडीचं नाव तालुक्यालाही नीट कळलं नाही, कारण माणसं कमी मेली होती. त्यात वैजूचे वडील आणि धाकटा भाऊ होते. मावशी पोलादपूरला डॉक्टरकडे गेली होती, रस्ता बंद झाला म्हणून तिथेच अडकली, म्हणून वाचली. वैजू मुंबईहून पोहोचली तेव्हा भावाला काढून ओटीवर, म्हणजे शेजाऱ्याच्या उरलेल्या ओटीवर, ठेवला होता. ती रडली नाही. चिखलात पाय रोवून उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं ऐकत राहिली. ध्वनिव्यवस्थेच्या माणसाचा कान तो. कोण काय म्हणालं, कुठल्या सुरात म्हणालं, कुठल्या शब्दावर घसा खाकरला, सगळं तिने साठवलं. साहेब आले, पुढारी आले, कॅमेरे आले. मावशी आपल्या लेकाच्या पायांवरचा चिखल धूत होती, तर एक कॅमेरावाला म्हणाला, "मावशी, एकदा परत धुवा ना, प्रकाश नव्हता." आणि मावशीने परत धुतले. माणूस सांगतो ते करायचं, एवढंच तिला त्या दिवशी कळत होतं. वैजू दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने त्या माणसाला मारायला हवं होतं, असं वाडीतले लोक अजूनही म्हणतात. तिने मारलं नाही. तिने ते लक्षात ठेवलं.

वर्षभराने ती मुंबई सोडून मावशीकडे राहायला आली. खाली रस्त्याला लागून पुनर्वसनाची घरं बांधली होती, एकसारखी, दोन-दोन खोल्यांची. तिथे तिने बँड जमवला. ड्रमला महाडचा अल्ताफ, ज्याच्या घरी ट्रकचा धंदा. गिटारला वरंधचा संदेश, जो कंपनीत पाळीवर जायचा. आणि आमच्याकडच्या लग्नांत खालूबाजा वाजवणारे दोघे जण, सनई आणि ढोल घेऊन. गाणार आणि अभिनय करणार ती स्वतः. तालीम घरातच चालायची. मावशी त्या सगळ्यांना चहा करायची, अल्ताफला आवडतात म्हणून कांदाभजी तळायची. आत काय चाललंय हे तिने विचारलं नाही, आणि वैजूने सांगितलं नाही. नाटकाचं नाव होतं 'सांत्वन'.

महाडचा पहिला प्रयोग मी विसरूच शकत नाही. वैजूने वाडीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. दोन टेम्पो भरून लोक आले, लग्नाला यावं तसे ठेवणीतल्या साड्या नेसून. त्यांना वाटलं होतं गेलेल्यांच्या नावाने भजनासारखं काहीतरी असेल. मावशी पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. पडदा उघडला आणि त्या आवाजाने सभागृहाच्या काचा थरथरल्या. वैजू साहेबाचं जाकीट घालून, अंगभर चिखल फासून, माईक खाऊन टाकल्यासारखी ओरडत होती :

शासन तुमच्या पाठीशी!
साहेब तुमच्या पाठीशी!
डोंगर होता पाठीशी,
तोही आला पाठीशी!

मागे सनई मंगलाष्टकांनंतरची धून वाजवत होती. कॉलेजची पोरं उठून नाचायला लागली. वाडीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. वाडीतले तात्या, ज्यांची सून आणि नात गेली होती, उभे राहिले आणि म्हणाले, "बंद कर ता! बंद कर!" त्यांचाच मोठा नातू दोन रांगा मागे मुठी आवळून वैजूबरोबर ओरडत होता. एका घरातली माणसं एकमेकांकडे वैऱ्यासारखी पाहत होती. कुणीतरी चप्पल फेकली, ती संदेशच्या गिटारला लागून सूर वेडावाकडा झाला, आणि नाचणाऱ्यांना तोही नाटकाचाच भाग वाटला. बाहेर पडताना एक बाई मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "भाऊ मेला तवा रडली नाय, आता माईकमदी रडते." सभागृह अर्धं रिकामं झालं तेव्हा ते गाणं आलं.

'परत एकदा.' वैजू डोक्यावर पदर घेऊन मावशी झाली होती. समोर एक लाकडी पायांची जोडी. ढोल हळू वाजतोय, कॅमेरावाला म्हणतोय परत, आणि ती धुतेय. परत, आणि ती धुतेय. ढोल वाढत जातो, परत, परत, परत... शेवटी ती पाय धुता धुता नाचायलाच लागते, कॅमेऱ्याकडे बघून हसत. मी शेजारी पाहिलं नाही. हिंमत झाली नाही. मला ते नाटक आवडलं नाही, तेव्हाही आणि आजही. त्यात फार खरं होतं आणि दया अजिबात नव्हती, आणि दया नसलेलं खरं मला सोसत नाही. पण तेवढ्या वेळात सभागृहात कुणी खोकलं सुद्धा नाही, हेही मी पाहिलं आहे.

प्रयोग संपला. वैजू चिखल न पुसताच खाली आली आणि मावशीपुढे उभी राहिली. तिला काय हवं होतं कोण जाणे. मला वाटतं, शाबासकीच हवी होती. आजूबाजूला लोक होते, पोरं मोबाइल धरून उभी होती. मावशी उठली, लेकीकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "लोकांनी माझी माणसं चिखलातनं भायेर काढली. तू परत आत घातलीस." एवढं बोलून ती टेम्पोत जाऊन बसली.

यानंतर वैजूने जे केलं ते लिहिताना माझा हात अडतो, पण गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं या रिवाजावर तिने अख्खं नाटक लिहिलं होतं, तेव्हा तो रिवाज मी पाळला तर ती मला सोडणार नाही. तिने मावशीचं ते वाक्य नाटकात घातलं. शेवटी. नाटक मुंबईला गेलं, तिथल्या प्रयोगांत सगळी वाद्यं थांबायची, दिवे जायचे, आणि अंधारात वैजू मावशीच्या आवाजात, मावशीच्याच ठसक्यात ते म्हणायची. मी तिला माझ्या स्वयंपाकघरात धरलं. "ते वाक्य तुझं नाही," मी म्हटलं. ती ओट्याला टेकून शेंगदाणे खात होती.

"तिने भर लोकांत म्हटलं ताई. लोकांत म्हटलेलं लोकांचं."

"ती तुझी आई आहे."

"म्हणून तर एवढं चांगलं म्हणाली," वैजू म्हणाली. तिच्या डोळ्यांत मला कौतुक दिसलं, आईबद्दलचं, खरं कौतुक. तेच जास्त भयंकर होतं.

मुंबईत समीक्षकांचे दोन तट पडले. एकाने लिहिलं की हा मातीतला अस्सल आक्रोश आहे, शहरी रंगभूमीला हादरवणारा. दुसऱ्याने लिहिलं की हा ठोकळेबाज गोंगाट आहे, संगीत नाटकाच्या परंपरेच्या तोंडावर मारलेला, आणि गायिकेला गाता येत नाही. वैजूने दोन्ही परीक्षणं मला मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाली, "एकाला माती ऐकू आली, एकाला गोंगाट. गाणं कुणीच ऐकलं नाही." पण दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं. दोघांनीही शेवटच्या वाक्याला नाटकातली सर्वात काव्यमय ओळ म्हटलं होतं, आणि दोघांनीही त्याचं श्रेय लेखिकेला दिलं होतं. हे वाचताना ती हसली नाही. प्रयोगानंतरच्या चर्चेत एका बाईंनी फार प्रेमाने विचारलं, "तुम्हाला हे संगीत कुठे भेटलं? म्हणजे तिकडे, डोंगरात?" वैजू म्हणाली, "तिकडे इंटरनेट आहे मॅडम. डोंगर नाही. तो पडला." टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या. कुणाला लागेल असं काही बोलावं, तर मुंबईत त्याला टाळ्या मिळतात, असं ती नंतर म्हणायची.

इकडे मावशीला ते वाक्य कुणाच्या तरी सुनेने मोबाइलवर दाखवलं. स्वतःचं बोलणं, लेकीच्या तोंडून, काळोखात, आणि त्यानंतर लोकांच्या टाळ्या. मी गेले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मला म्हणाली, "तिला सांग, मी बोलले का ती लिवते. मंग मी आता बोलत नाय." मला वाटलं रागाचं बोलणं आहे, महिना-दोन महिन्यांत निवळेल. मावशी शब्दाला जागली. वैजू घरी आली की ताट वाढायची, अंथरूण घालायची, आणि तोंडातून अक्षर काढायची नाही. वैजूने विनवणी केली, भांडली, एकदा ताट भिंतीवर फेकलं. मावशीने शांतपणे भिंत पुसली. शेवटी वैजू महाडला तळमजल्याची एक खोली भाड्याने घेऊन राहायला गेली, आपले स्पीकर आणि केबल घेऊन. वाडीने तर तिला कधीच सोडलं होतं, आणि तिच्यापायी मावशीलाही. बारशाला, भजनाला मावशीला बोलावणं येईना. तिचं दुःख नाटकात वापरलं म्हणून तिची कीव करणाऱ्या बायकाच तिच्या दारावरून न थांबता पुढे जात होत्या.

नाटक कशाने संपलं, तर चपलेने नाही, टीकेनेही नाही. ज्या पुढाऱ्याच्या वाक्यांवर ते पहिलं गाणं बेतलेलं होतं, तेच एका प्रयोगाला आले. पुढच्या रांगेत बसून मनमुराद हसले, 'पाठीशी'वर टाळ्यांनी ठेका धरला, आणि शेवटी स्टेजवर चढून म्हणाले, "आमच्या लेकीने आमचे कान उपटले, याचा मला अभिमान वाटतो!" आणि चिखलाने माखलेल्या वैजूच्या खांद्यावर शाल घातली. सभागृह उभं राहिलं. मी पहिल्यांदाच तिला माईक हातात असून गप्प राहिलेलं पाहिलं. नंतर गाडीत ती म्हणाली, "मी त्याला शिवी दिली, त्याने ती बक्षीस म्हणून घरी नेली. आता काय देऊ त्याला?" अल्ताफ गाडी चालवत होता. त्यानंतर तिने एकही प्रयोग लावला नाही.

यंदा पुराचं पाणी महाडात शिरलं तेव्हा तिची तळमजल्याची खोली छातीपर्यंत भरली. पाणी ओसरल्यावर ती अनवाणीच त्या गाळात उतरली आणि स्पीकर बाहेर काढत बसली. पायाला पत्रा लागला होता, तिने रुमाल बांधला. आठवड्याने ताप आला. ती गोळ्या घेऊन झोपून राहिली, मला कळवलंही नाही. अल्ताफने दवाखान्यात नेलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पुराच्या गाळातून होणारा लेप्टो, डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं बसली आहेत, मुंबईला हलवा. मी मावशीला घेऊन आले. वैजूला शुद्ध होती. तिने मावशीकडे पाहिलं, ओठ कोरडे पडले होते तिचे, आणि म्हणाली, "आई, बोल ना कायतरी. आता नाय लिवणार." शहरात राहून गेलेली तिची गावची बोली त्या दोन वाक्यांत परत आली होती. मावशी पायथ्याशी उभी होती. तिने चादर सारखी केली, उघडं पडलेलं पाऊल झाकलं. तोंड उघडलं, असं मला वाटलं... मग अँब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन आली आणि त्यांनी आम्हाला बाजूला केलं. पनवेलच्या अलीकडे वैजू गेली.

ज्याने तिच्या नाटकाला ठोकळेबाज गोंगाट म्हटलं होतं, त्यानेच तिच्यावर मृत्युलेख लिहिला. 'अकाली विझलेली ठिणगी' असा मथळा होता. वाडीने मोठा फ्लेक्स लावला, त्यावर चिखल न फासलेला तिचा दहावीतला फोटो. तात्या तेराव्याला आले आणि पंगतीत बसून म्हणाले की पोर गुणी होती, आवाज खणखणीत होता. त्यांच्या नातवाने पान तसंच ठेवलं आणि उठून गेला.

गेल्या रविवारी मी आणि अल्ताफ मावशीकडे गेलो. बँडच्या पोरांना वैजूच्या नावाने एक प्रयोग करायचा आहे, पण शेवटच्या वाक्याचं काय करायचं, हे त्यांना ठरवता येईना. अल्ताफने खाली मान घालून विचारलं, "मावशी, तुम्ही म्हणाल तर काढून टाकतो." तिने ताटलीत भजी काढली. मग म्हणाली, "ठेव नायतर काढ. ती गेली, आता ता कोनाच्या तोंडचा हाय त्याचा काय उपेग." त्याच्यापुढे भज्यांची ताटली ठेवून ती उठली. "बसा तुमी. मी जरा पडते," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

दार उघडलं तेव्हा मला आतलं दिसलं. तालमीचा आवाज शेजाऱ्यांना जाऊ नये म्हणून वैजूने ती खोली कधीकाळी आतून मढवली होती. भिंतींवर अंड्यांचे ट्रे, त्यावर गोणपाट, खिडकीवर जुनी गादी ठोकलेली. मधोमध जमिनीवर मावशीची चटई आणि उशी होती. शेजारीण मला आधीच म्हणाली होती, ते सगळं उपटून खोली साफ करून घ्या, म्हातारीला उजेड तरी मिळेल. मी मावशीला तसं म्हटलं. ती दाराची कडी हातात धरून उभी होती. "नको," म्हणाली. "हितं भायेरचा कायच आयकू येत नाय. आतलाबी कोनाला जात नाय." आणि तिने दार लावून घेतलं. मी दाराला कान लावला. पलीकडे रस्त्यावरून ट्रक जात होते, अल्ताफ भजी चावत होता, ते सगळं ऐकू येत होतं. दारामागून काहीच येत नव्हतं.